गोड विहिरीचे पाणी आणि सोन्याचा लाल रंग

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्याच एका खेड्यातून एक आजीबाई तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. बाळाला सर्दी झाली होती, बाकी विशेष काही नव्हते. सुनेला दूध पुरत नाही म्हणून बाळाला डब्यातल्या पावडरचे दूध सुरू केले होते. पाणी कुठले वापरता, असे मी सवयीने विचारले. आजी म्हणाल्या, "घरच्या विहिरीचं हाये डाक्टरसायेब. साखरेवानी गोड. अन् मी त ते अर्धं आटेपर्यंत उकळतो. लेकराले कच्चं पाणी देईन का बाप्पा?"

आजीबाईंचे काही चुकले होते असे कोणीही म्हणणार नाही. पाणी उकळून प्या, हे आम्ही डॉक्टर मंडळीच वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर यांचे जंतू उकळण्याने मरतात, यात शंका नाही. परंतु पाण्यात विरघळलेले क्षार काही मरत नाहीत. पाणी आटते, क्षार तेवढेच राहतात. एक लिटर पाणी आटवून अर्धा लिटर केले, तर त्यातील नायट्रेटचे प्रमाण बरोबर दुप्पट होते. मी आजींना घरच्या विहिरीचे पाणी बाटलीत आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलगा बाटली घेऊन आला. माझ्याकडे नायट्रेट तपासण्याच्या कागदी पट्ट्या असतात, त्यातली एक पाण्यात बुडवली. मिनिटभरात ती गडद गुलाबी झाली. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही नायट्रेट मर्यादेच्या बरेच वर आले. बाळ सुदैवाने ठणठणीत होते.

पाण्यातील नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. मोठ्या माणसाला त्याहून थोडे अधिक पाणी प्यायल्याने लगेच काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाचे मात्र तसे नाही. त्याच्या पोटातील आम्ल कमी असते, त्यामुळे तिथे वाढणारे जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात. हे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला असे बिघडवते की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मोठ्यांच्या रक्तात हा बिघाड दुरुस्त करणारे द्रव्य पुरेसे असते, तान्ह्या बाळात ते कमी असते. बाळाचे ओठ, नखे निळसर-राखी दिसू लागतात, बाळ मलूल होते, आणि रक्त काढले तर ते चॉकलेटच्या रंगाचे दिसते. अशा बाळाला एक क्षणही घरी न ठेवता रुग्णालयात न्यावे, त्यावर औषध आहे. हंटर कॉमली या अमेरिकन डॉक्टरांनी आयोवा राज्यातील शेतवस्त्यांवरची अशी बाळे १९४५ साली प्रथम नोंदवली. ती बाळेही विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पीत होती.

आता हे आपल्या भागाशी कितपत संबंधित आहे, असे कोणी विचारील. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात देशभरातील १५,२५९ नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. देशातल्या सर्वांत बाधित अशा पंधरा जिल्ह्यांची नावे त्यात दिली आहेत, त्यांत अमरावती आहे, आणि शेजारचे वर्धा, यवतमाळ व बुलढाणाही आहेत. कारणे आपल्या डोळ्यांसमोरच आहेत. कपाशीला दिलेला युरिया, विहिरीजवळचा उकिरडा, गोठ्याचे मूत्र, शोषखड्डे. काळ्या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, नायट्रेटवरही ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना दूर सारतात, म्हणून माती नायट्रेटला धरून ठेवत नाही, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते थेट खाली झिरपते. हा विद्युतभाराचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, एवढ्या प्रमाणात चवही नाही. मग ओळखायचे कसे? पाण्यात एखादे द्रव्य घालून त्याचा रंग बदलतो का, हे पाहायचे. ही युक्ती आपल्या खेड्यांना नवी नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो, टीसीएल पावडर पुरेशी पडली असेल तर पाणी पिवळे होते. मैलापाणी मिसळले आहे का हे पाहण्याची एक छोटी बाटली येते, जंतू असतील तर एक-दोन दिवसांत त्यातले पाणी काळे पडते. नायट्रेटची पट्टी गुलाबी होते. रंग जितका गडद तितका दोष जास्त, एवढा साधा हिशेब.

पण या साध्या रंगांना एक मर्यादा आहे. दहा हजार लिटरच्या टँकरमधील नायट्रेट ४५ च्या मर्यादेवर असेल, तर त्या टँकरात जवळजवळ अर्धा किलो नायट्रेट असते. एवढे द्रव्य साध्या पट्टीला सहज सापडते. कीटकनाशकांची गोष्ट निराळी. मोनोक्रोटोफॉस हे आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षे फवारले गेलेले औषध घ्या. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा लाख लिटरमध्ये एक ग्रॅम. शंभर टँकर रांगेने उभे करा आणि त्या सर्वांत मिळून एक चिमूट औषध टाका! ते शोधायला मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतील लाखो रुपयांची यंत्रे, तज्ज्ञ माणूस आणि कित्येक दिवस लागतात. फवारणीचा पंप विहिरीच्या थारोळ्यावर धुतल्यावर त्या विहिरीत काय उतरले, हे आपल्याला कधीच कळत नाही ते यामुळे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा अंगावर उडणाऱ्या आणि श्वासातून जाणाऱ्या विषाची चर्चा झाली. पाण्यातून थेंबाथेंबाने जाणाऱ्या विषाची चर्चा क्वचितच होते.

नॅनो पदार्थांचा उपयोग होतो तो नेमका इथे. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. सोन्याचे पंधरा नॅनोमीटरचे कण एकाला एक लावून ठेवले, तर केसाच्या जाडीत सुमारे पाच हजार मावतील. आणि गंमत अशी की, एवढे बारीक झालेले सोने सोन्यासारखे पिवळे दिसतच नाही. पाण्यात तरंगणारे हे कण डाळिंबाच्या रसासारखे लालभडक दिसतात. मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने १८५७ साली असे लाल सोन्याचे पाणी तयार केले. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवल्या आहेत आणि ते पाणी अजूनही लाल आहे. पुढे १९५१ साली टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याचा क्षार उकळत्या पाण्यात घालून त्यात सिट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, मिसळण्याची सोपी रीत दिली. आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत हीच रीत वापरतात. फिकट पिवळे पाणी काही मिनिटांत लाल होते.

हेच लाल पाणी, कण एकमेकांजवळ येऊन चिकटले, की जांभळे आणि मग निळे होते. कण दूर असताना लाल, गोळा झाले की निळे. सोने तेच, वजन तेच, फक्त कणांमधले अंतर बदलले.

हे समजायला गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे आठवावे. पुराच्या पाण्यातले मातीचे कण दिवसभर खाली बसत नाहीत, कारण प्रत्येकावर ऋण भार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. तुरटीने हा भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि पाणी निवळते. सोन्याच्या कणांवरही सिट्रेटमुळे असाच ऋण भार असतो. ज्या प्रदूषकाच्या येण्याने हा भार उतरेल किंवा कण एकमेकांना बांधले जातील, ते प्रदूषक लाल पाणी निळे करील. आणि साध्या रंगद्रव्याच्या एका रेणूच्या मानाने सोन्याचा एक कण हजारपटीहून जास्त ठळक रंग दाखवतो, म्हणून अगदी थोडे प्रदूषकही डोळ्यांना दिसू शकते.

कीटकनाशकासाठी केलेली योजना तर मला डॉक्टर म्हणून फारच आवडली. फवारणीतून विषबाधा झालेला रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ गळते, अंग घामाने भिजलेले असते. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे मज्जातंतूंजवळच्या कोलिनेस्टरेज नावाच्या द्रव्याला बंद पाडतात, त्याचा हा परिणाम. हेच द्रव्य शास्त्रज्ञांनी बाटलीत घेतले. निरोगी कोलिनेस्टरेज त्याला दिलेल्या एका विशिष्ट खाद्याचे तुकडे करते. त्यातला एक तुकडा सोन्याला घट्ट चिकटून कणांना गोळा करतो आणि पाणी निळे होते. तपासायच्या पाण्यात कीटकनाशक असेल, तर कोलिनेस्टरेज बंद पडते, तुकडे होत नाहीत, आणि पाणी लालच राहते. या चाचणीत लाल म्हणजे धोका. माणसाच्या शरीरात जे घडते तेच इथे एका थेंबात घडवून पाहिले जाते. प्रयोगशाळेत या रीतीने लिटरला काही मायक्रोग्रॅमपर्यंत आणि काही वेळा त्याच्याही खाली पोचता आले आहे.

आपल्या देशात या दिशेने महत्त्वाचे काम चेन्नईच्या आयआयटीत झाले. तिथले प्रा. टी. प्रदीप आणि त्यांचे विद्यार्थी यांनी २००३ साली दाखवून दिले की एंडोसल्फान हे कीटकनाशक सोन्याच्या कणांच्या लाल पाण्यात मिसळले तर त्याचा रंग बदलतो. बोंडअळीसाठी एंडोसल्फान आपल्या शेतकऱ्यांनी किती वापरले हे सांगायला नको. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. त्याच प्रयोगशाळेच्या संशोधनातून पुढे चांदीच्या कणांनी कीटकनाशके काढून टाकणारा घरगुती फिल्टरही बाजारात आला.

आणि फार दूर जायलाही नको. इथून तासाभराच्या अंतरावर, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात प्रा. महेंद्र राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीकडून चांदीचे नॅनो कण तयार करून घेण्याचे काम कित्येक वर्षे केले, आणि ते जगभर वाचले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून आणि गवती चहापासून सोन्याचे कण बनवले. चांदीच्या कणांचे पाणी पिवळे असते आणि पाऱ्याचा अंश मिसळला की ते फिके पडत जाते, त्यामुळे पारा ओळखायला ते उपयोगी पडते. शिशासाठीही सोन्याच्या कणांच्या चाचण्या निघाल्या आहेत, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातली अशी एक चाचणी २००३ सालची आहे. पारा आणि शिसे हे कारखान्यांच्या गावचे दुखणे, आपल्या तालुक्याचे मुख्य दुखणे ते नव्हे, म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

सोने म्हटले की खर्चाची धास्ती वाटते. ती खरी नाही. टर्केविचच्या रीतीने एक ग्रॅम सोन्यापासून सुमारे पाच लिटर लाल पाणी होते, आणि एका चाचणीला मिलिलिटरभर पुरते. म्हणजे पाच हजार चाचण्या. खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती वऱ्हाडातल्या वाचकांना चटकन कळेल. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, भातकुली आणि पलीकडे अकोला जिल्ह्याचा बराच भाग. तिथल्या विहिरींचे पाणी मुळातच खारे. खारेपणा म्हणजे सोडियमसारखे धन भाराचे कण, आणि ते तुरटीसारखेच सोन्याच्या कणांवरचा ऋण भार झाकून टाकतात. परिणामी, प्रदूषक असो वा नसो, त्या पाण्यात लाल सोने आपोआप निळे होऊ शकते! शुद्ध पाण्यात अचूक चालणारी चाचणी खाऱ्या पाण्यात खोटी साक्ष देते. यावर उपाय आहेत, कणांवर निराळे आवरण चढवता येते, आधी पाण्यातले क्षार कमी करता येतात. पण प्रत्येक गावच्या पाण्यावर चाचणी करून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. परदेशातल्या नळाच्या पाण्यावर यशस्वी झालेली चाचणी आपल्या विहिरीवर यशस्वी होईलच, असे मी तरी मानणार नाही.

दुसरा मुद्दा मोजण्याचा. निळे झाले, म्हणजे काहीतरी आहे. पण किती आहे? डोळा याचे उत्तर अंदाजाने देतो, आणि माझा डोळा व तुमचा डोळा एकच अंदाज देत नाही. म्हणून प्रयोगशाळेत त्या पाण्यातून हिरवा प्रकाश सोडून किती अडला ते यंत्राने मोजतात. हल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंग मोजण्याचेही प्रयत्न चालू आहेत. याखेरीज एक वेगळी वाट आहे, ती मधुमेहाच्या रुग्णांना लगेच समजेल. साखर मोजायच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला की यंत्र आकडा दाखवते, तसेच कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या किंवा ग्राफीनचा थर दिलेल्या पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवून त्यातून जाणारी वीज मोजतात. नायट्रेट, शिसे, कीटकनाशके या सर्वांसाठी अशा पट्ट्या प्रयोगशाळांतून बनवल्या गेल्या आहेत. मला स्वतःला हीच वाट जास्त टिकाऊ वाटते, कारण तिथे रंगाचा वाद उरत नाही.

एक सूचना मात्र इथेच देतो. ही सर्व द्रव्ये बाटलीत वेगळ्या काढलेल्या थेंबभर पाण्यात घालायची आहेत, पिण्याच्या पाण्यात नव्हे. 'नॅनो' असे नाव लिहिलेले काहीही कोणी पाण्यात टाकून प्यायला सांगितले, तर ते घेऊ नये.

कीटकनाशकासाठी नॅनोची वाट पाहणे समजण्यासारखे आहे. नायट्रेटसाठी वाट पाहायचे काहीच कारण नाही, त्याला साधी पट्टी आजच पुरते. नायट्रेटसाठीही सोन्याच्या कणांची चाचणी २००९ साली अमेरिकेत निघाली आहे, परंतु टँकरात अर्धा किलो असलेली वस्तू शोधायला सोनाराचा काटा कशाला? २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याच्या किटचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारावे. पाण्याच्या तपासण्या दोन प्रकारच्या असतात, जंतूंची आणि रासायनिक. पाणी पिण्यायोग्य असल्याचा कागद हाती आला तर तो कोणत्या तपासणीचा आहे ते पाहावे, आणि नायट्रेटचा आकडा स्पष्ट मागावा. तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, करून घेणे बरे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. हातपंप असेल तर आधी काही मिनिटे हापसून मग पाणी घ्यावे.

घरात सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर आईचे दूध सर्वांत निर्धोक. आईने प्यायलेल्या पाण्यातले नायट्रेट तिच्या दुधात फारसे उतरत नाही. वरचे दूध द्यावेच लागले, तर त्यासाठीचे पाणी ज्याचे नायट्रेट तपासले आहे असेच हवे. ते एकदा उकळी फुटेपर्यंत तापवावे, आटवू नये. तुरटी, टीसीएल, कॅण्डलचा फिल्टर, अतिनील किरणांचे यंत्र यांपैकी कशानेही नायट्रेट जात नाही. आरओ यंत्राने ते कमी होते, पण पडदा जुना झाला असेल तर तेही होत नाही, म्हणून आरओच्या पाण्यालाही एकदा पट्टी लावून पाहावी.

त्या आजीबाईंच्या घरी बाळासाठी पाणी आता नळयोजनेचे घेतात. ते तपासले तेव्हा पट्टी जेमतेम गुलाबी झाली होती. दसऱ्याच्या सुमारास आजी पुन्हा आल्या, नातवाला घेऊन नव्हे, तर शेजारच्या तीन घरांच्या विहिरींच्या तीन बाटल्या पिशवीत घेऊन. त्यांतल्या दोन पट्ट्या गडद गुलाबी झाल्या. तिसऱ्या बाटलीवर कोणत्या विहिरीचे पाणी ते लिहायचे राहिले होते, ती परत पाठवली.